नागसेनाची अट

बारावीचा निकाल लागला की मराठवाडा, विदर्भ, माणदेश इथल्या घराघरांत एक वाद सुरू होतो: मुलाचे किंवा मुलीचे नाव तालुक्याच्या कॉलेजात घालायचे, की पुण्या-मुंबईला पाठवायचे? वाद बहुधा हिशेबाचाच असतो. एका बाजूला एसटीचा पास, घरचा डबा आणि ओळखीचे प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला कॉट बेसिसवरची खोली, मेसचे पैसे, मोठे ग्रंथालय आणि नोकरीची जास्त शक्यता. हे सगळे हिशेब खरे आहेत आणि ज्याच्या खिशाला झळ बसते त्याने ते करायलाच हवेत. पण त्यांच्या तळाशी एक प्रश्न तसाच पडून राहतो. शिकणे घडते कशाने, आणि ते घडण्यासाठी जागेत काय असावे लागते? हे ठरले नाही, तर लहान आणि मोठे ही नुसती मापे उरतात, आणि मापांवरून निवड करणारा शेवटी दुसऱ्यांच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेवरच निवड करतो. आपल्या धर्मग्रंथांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. त्यातल्या एका पाली ग्रंथात मला त्याचे सर्वांत नेमके उत्तर सापडते.

तो ग्रंथ म्हणजे मिलिंदपञ्ह. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. त्याची राजधानी सागल. आजच्या पाकिस्तानातले सियालकोट ते हेच, असे मानतात. राजा विद्वान होता आणि वादात भल्याभल्यांना गप्प करत होता. आयुपाल नावाचा थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, त्याच्यापुढे निरुत्तर झाला. मग नागसेन भिक्षू आला. राजाला त्याच्याशी आणखी चर्चा करायची होती, तेव्हा नागसेनाने आधी अट घातली. पंडित बोलतात तसे बोलणार असाल तर बोलू, राजे बोलतात तसे बोलणार असाल तर नको. फरक काय, असे राजाने विचारले. नागसेनाने सांगितले ते असे: पंडितांच्या वादात गुंता होतो, उकल होते, एखाद्याची चूक दाखवली जाते आणि तो ती कबूलही करतो, पण त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मुद्दा धरून बसतात आणि जो तो मान्य करत नाही त्याला दंड करतात. पहिल्याला पंडितवाद म्हणतात, दुसऱ्याला राजवाद. मिलिंदाने पंडितवाद पत्करला आणि भिक्षूने निर्धास्त बोलावे असे सांगितले. पुढचा सगळा ग्रंथ या एका कराराच्या आधारावर उभा आहे.

या करारात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या तर कॉलेजच्या निवडीचा प्रश्न बराच उलगडतो. पहिली गोष्ट लक्ष. मिलिंद आणि नागसेन समोरासमोर बसले आहेत. एकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याच्याच गळी पडतो, उत्तर अर्धवट राहिले तर लगेच उदाहरण मागितले जाते, तेही पटले नाही तर आणखी एक. कोणाला काय समजले नाही हे तिथे लपत नाही. दुसरी गोष्ट मोकळीक. ज्याला विचारायचे त्याच्या हातात आपला दाणापाणी किंवा इभ्रत असली, तरी विचारल्याबद्दल ती हिरावली जाणार नाही, याची खात्री. माझे म्हणणे असे आहे की ढोबळमानाने लहान जागा लक्ष देते आणि मोठी जागा मोकळीक देते. दोन्ही एकाच ठिकाणी मिळाल्या तर प्रश्नच मिटला. पण एकच मिळणार असेल तेव्हा मोकळीक आधी पाहावी. कारण मोकळीक असेल तर लक्ष मागाहून मिळवता येते, सोबती जोडून, शिक्षकाच्या मागे लागून. मोकळीक नसेल तर लक्षाचेच रूपांतर पाळतीत होते. आणि तालुक्याच्या कॉलेजात ती मोकळीक खरोखर असेल, तर पुण्याला न जाण्यात काही गमावले असे मानण्याचे कारण नाही.

हे सिद्ध करण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपण ‘मोठे विद्यापीठ’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर नालंदा उभी राहते. प्रत्यक्षात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ सालची तिन्ही विद्यापीठे त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली, म्हणजे शिकवण्यासाठी नव्हे तर परीक्षा घेण्यासाठी. शिकवणे हे संलग्न महाविद्यालयांचे काम होते, आणि पदवीपुरते ते अजून बरेचसे तसेच आहे. पैठण किंवा माजलगावच्या कॉलेजातली बी.ए.ची मुलगी आणि विद्यापीठाच्या शहरातल्या संलग्न कॉलेजातली मुलगी एकच अभ्यासक्रम वाचतात आणि एकाच विद्यापीठाचा पेपर सोडवतात. स्वायत्त महाविद्यालयांमुळे हे चित्र बदलू लागले आहे, तरी अपेक्षित प्रश्नसंच शहरात चालतात तसेच तालुक्यातही चालतात. म्हणजे अभ्यासक्रम काय आहे यावरून निवड करण्यासारखे फारसे उरत नाही. फरक पडतो तो त्या अभ्यासक्रमाभोवती कोण काय विचारू शकतो, यात.

लक्ष किती मोलाचे, हे छांदोग्य उपनिषदातल्या श्वेतकेतूच्या कथेवरून कळते. बाराव्या वर्षी गुरूकडे गेलेला हा मुलगा चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत आला तो ताठ मानेने. बाप उद्दालक त्याला विचारतो, ज्याने न ऐकलेलेही ऐकल्यासारखे होते ते तू तुझ्या गुरूंना विचारलेस का? मुलगा उत्तरतो की त्यांना ते ठाऊक नसावे, ठाऊक असते तर त्यांनी सांगितले नसते का? बारा वर्षांत कोणी त्याची ही भोळी समजूत हलवली नव्हती. मग वडाचे फळ फोडून आणि पाण्यात मीठ विरघळवून बाप त्याला घरीच शिकवतो. कथा इथेच संपती तर घरचे ते खरे, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण त्याच उपनिषदात आधीच्या अध्यायात हाच श्वेतकेतू पांचालांच्या सभेत जातो. प्रवाहण जैवली हा राजा त्याला पाच प्रश्न विचारतो आणि एकाचेही उत्तर त्याला येत नाही. घरी येऊन तो बापाला जाब विचारतो, तर बाप म्हणतो, मलाही येत नाहीत. मग तो वयोवृद्ध विद्वान स्वतः उठून राजाकडे शिकायला जातो. घराने जे दिले ते गुरुकुलाने दिले नव्हते, आणि सभेने जे उघडे पाडले ते घराने पाडले नव्हते. दोन्ही वेळा शिकणे सुरू झाले ते त्या मुलाला आधी कोणी न विचारलेला प्रश्न समोर आला तेव्हा. बापाचे मोठेपण मला दुसऱ्या कथेत अधिक दिसते. ‘येत नाही’ हे तो पोरासमोर बोलू शकला, आणि हे बोलता येणे म्हणजेच मोकळीक.

खुद्द नागसेनाचे शिक्षणही दोन प्रकारच्या जागी झाले. रोहण थेराने त्याला डोंगरातल्या एकांतात अभिधम्म शिकवला. पुढे वत्तनीय विहारात अस्सगुत्त थेरांच्या सहवासात तो राहिला आणि त्यांनी त्याला पाटलिपुत्राला, अशोकारामात धम्मरक्खितांकडे धाडले. तिथे त्याने तिन्ही पिटके आधी शब्दाने आणि मग अर्थाने आत्मसात केली. एवढे झाल्यावर धम्मरक्खितांनी त्याला सुनावले की गुराखी गुरे राखतो आणि दूध दुसरेच पितात, तसे तुझे झाले आहे. राजधानीतल्या त्या मोठ्या विहारातही एका माणसाचे लक्ष होते म्हणून हे सुनावले गेले. ग्रंथातला आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या गुरूने बाकी सगळे सोडून आधी अभिधम्मच का शिकवला, हा मूर्खपणा तर नव्हे, असा विचार नागसेनाच्या मनात एकदा आला होता. रोहणांनी तो ओळखला आणि चांगलेच फटकारले. इथे कोणी म्हणेल की मनातल्या शंकेलाही शिक्षा होते तो तर राजवादच झाला. पण शिक्षा काय मिळाली ते पाहा: सागलाला जा आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या राजाचे समाधान कर, मगच क्षमा. ज्याला गुरूवर शंका आली त्याला गुरूने थेट सर्वांत मोठ्या शंकेखोराच्या समोर उभे केले. अशी शिक्षा देणारे शिक्षक आज कोणत्याही आकाराच्या कॉलेजात मिळाले तर ते भाग्यच.

महाराष्ट्रात लहान जागेच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष वाईची आहे. कृष्णाकाठच्या या गावात नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. बडोद्याच्या कॉलेजात शिकणारे विनोबा १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले, तिथून गांधींकडे पोहोचले आणि पुढच्या वर्षी आश्रमातून रजा घेऊन वेदान्त शिकायला आले ते वाईला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी खानदेशातल्या पिंपळनेरहून पोरवयात इथेच आले. त्यांची पदवी कलकत्त्याच्या परीक्षेची, पण घडण वाईची. याच पाठशाळेत तयार झालेला हा शास्त्री पुढे अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्राधाराने गांधींच्या बाजूने उभा राहिला, नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासोबत गेला, आणि मराठी विश्वकोशाचे काम याच गावात घेऊन बसला. कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका शाखेत शिकून तिच्या बाहेर पडण्याची मुभा त्याला होती. मोठ्या विद्यापीठांनी याहून वेगळे काय दिले असते, हे सांगणे कठीण आहे.

पण वाईचे उदाहरण देऊन थांबणाऱ्याने एक गोष्ट सांगितलेली नसते. त्या पाठशाळेच्या अंगणापर्यंत पोहोचणे त्या काळी कोणाला शक्य होते? विनोबा आणि लक्ष्मणशास्त्री दोघेही ब्राह्मण. ज्यांना जन्मानेच दारातून आत येता येत होते, त्यांच्यासाठी आतली मोकळीक खरी होती. बाकीच्यांसाठी लहान गाव म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाची जात ठाऊक असणे, आणि हे ठाऊक असणे हीच तिथली दंडव्यवस्था. लहान ग्रामीण कॉलेजाच्या बाजूने बोलणाऱ्यापुढचा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे, आणि तो डॉ. आंबेडकरांनी उघडपणे मांडला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना ग्रामव्यवस्थेच्या गौरवाला त्यांनी कठोर शब्दांत नकार दिला. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन असा त्यांचा स्वतःचा प्रवास मोठ्या शहरांतून झाला. सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली नसती तर तोही झाला नसता. शहरात तुम्हाला कोणी ओळखत नाही ही तक्रार ज्यांना करता येते, त्यांना गावात ओळखले जाण्याची किंमत मोजावी लागलेली नसते. हेच मुलींच्या बाबतीतही बऱ्याच अंशी खरे आहे. कॉलेज सुटल्यावर कोणाशी बोलली याची खबर संध्याकाळच्या आत घरी पोहोचणार असेल, तर वर्गातला हातही बेताने वर जातो.

मग हेच आंबेडकर कॉलेज काढायला मुंबईच्या बाहेर का गेले? सिद्धार्थ महाविद्यालय त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत काढले होते. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. निजामाच्या राज्यात मराठवाड्याच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे दूर हैदराबादचे उस्मानिया, तेही उर्दू माध्यमाचे. इथले विद्यापीठ निघायला १९५८ उजाडायचे होते. औरंगाबाद खेडे नव्हते हे खरे, पण तिथे येणारी मुले खेड्यांतली होती, आणि बाबासाहेबांनी शहराची मोकळीक त्या मुलांच्या जवळ नेऊन ठेवली. महाविद्यालयाला नाव मिळाले ते मिलिंदाचे, आणि परिसर झाला नागसेनवन. विचारणाऱ्याचे नाव संस्थेला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतालच्या झाडीला, असा हा योग आहे. नावे ठेवण्यामागे आणखी काही हेतू असतील, पण विद्यार्थ्याला प्रश्नकर्त्या राजाच्या जागी बसवणारे याहून चांगले नाव मला ठाऊक नाही. या आवारात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहूनच ‘अस्मितादर्श’ चालवले आणि दलित लेखकांच्या पिढीला लिहिण्याची जागा दिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापून आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवून केले तेही याच जातीचे काम. लहान जागेत मोकळीक आपोआप उगवत नाही, ती कोणाला तरी हट्टाने आणावी लागते. पण आणता येते, हे या दोघांनी दाखवले.

याच्या उलट, मोठ्या जागेत मोकळीक आपोआप असते असेही नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक मिळते या तक्रारींची चौकशी करायला सरकारने समिती नेमली. २००७ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंतच्या भेदभावाची नोंद केली. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या संस्थेत तोंडी परीक्षा हा राजवाद होऊ शकतो, कारण तिथे उत्तर देणारा एकटा असतो आणि गुण देणाऱ्याला कोणी विचारत नाही. या समितीचे अध्यक्ष होते सुखदेव थोरात, त्या वेळचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांची बी.ए. नागसेनवनातल्या मिलिंद कला महाविद्यालयातली आणि पुढचे संशोधन जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले. वत्तनीयहून पाटलिपुत्राला गेलेल्या भिक्षूसारखाच हा क्रम आहे. आधी जवळच्या मोकळ्या जागी विचारण्याची सवय लागणे आणि मग राजधानीत जाऊन राजधानीलाच विचारणे. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही हे मान्य आहे, पण असा क्रम शक्य आहे एवढे तर त्यावरून नक्की कळते. मराठी माध्यमातून थेट महानगरात गेलेल्या किती तरी मुलांची पहिली दोन वर्षे इंग्रजीच्या धाकाने तोंड मिटून काढण्यात जातात. त्यांना मोकळीक कागदावर मिळते, वापरता येत नाही.

ज्याला शिकायचे आहे तो कुठेही शिकतो, असे एक म्हणणे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने ऐकवले जाते आणि दाखला दिला जातो एकलव्याचा. आता तर फोनमध्ये जगभरची व्याख्याने आहेत, तेव्हा जागेचा प्रश्न उरलाच कुठे, असेही जोडले जाते. एकलव्याची गोष्ट नीट वाचली तर ती या म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देते. मातीच्या पुतळ्यापुढे त्याने कौशल्य मिळवले यात शंका नाही. पण पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि पुतळा कधी चूकही दाखवत नाही. प्रत्यक्ष गुरू समोर आला तेव्हा त्याने अंगठा मागितला, आणि न शिकवलेल्याची दक्षिणा कशी मागता, एवढे विचारण्याची सवय त्या मुलाला लागलेली नव्हती. आजूबाजूला सहाध्यायीही नव्हते, की कोणी तरी म्हणावे, थांब, हे बरोबर नाही. एकट्याने मिळवलेली विद्या हातात येते, पण अन्याय समोर आला की ती हात वर करायला शिकवत नाही. बुद्धाच्या उपदेशात कल्याणमित्राला जे स्थान आहे ते यासाठीच. सत्संगती म्हणजे अर्धे धर्मजीवन, असे आनंद म्हणाला, तेव्हा अर्धे नव्हे तर सगळेच, असे बुद्धाने त्याला दुरुस्त केले, अशी संयुत्त निकायातली कथा आहे. असे मित्र तालुक्यात मिळतात की महानगरात, हे आकारावरून सांगता येत नाही.

दुसरे म्हणणे ऋणाचे. गावाने वाढवले, आता हुशार मूल उठून शहरात गेले की परत येत नाही. म्हणून जवळचे कॉलेज निवडणे हे कर्तव्य आहे. या म्हणण्यातली वेदना खरी आहे. हुशार मुले बाहेर पडत गेली की तालुक्याच्या कॉलेजात उरतात ती ज्यांना जाता आले नाही अशी, आणि ते कॉलेज तसेच समजले जाऊ लागते. पण वैदिक परंपरेत जी तीन ऋणे सांगितली त्यांत ऋषींचे ऋण फिटते ते अध्ययनाने. ज्या जागी अध्ययन नीट होईल तिथे जाण्यानेच ते फिटायचे. (तैत्तिरीय संहितेने हे ऋण ब्राह्मणापुरते सांगितले होते, ते सर्वांचे मानायचे तर अध्ययनाची जागाही सर्वांना मोकळी हवी, हे ओघाने आलेच.) गावात राहून दबून शिकलेला माणूस गावाला फार काही देऊ शकेल असे मला वाटत नाही. गावाचे ऋण असलेच, तर ते सतरा वर्षांच्या मुलावर टाकण्याआधी ज्यांनी तालुक्याचे कॉलेज राहण्याजोगे ठेवले नाही त्यांच्यावर टाकायला हवे.

प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि नोकरी यांचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो वादाचा नाही. ज्या विषयाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो तो तालुक्यात शिकता येणार नाही. वैद्यक, अभियांत्रिकी किंवा विज्ञानातल्या पुढच्या संशोधनासाठी जावे लागेल तिथे जावे. मी बोलतो आहे ते पहिल्या पदवीबद्दल, आणि त्यातही बहुसंख्य मुले घेतात त्या पदव्यांबद्दल.

यापेक्षा खोल अडचण निवडीच्या स्वरूपातच आहे. एल. ए. पॉल या तत्त्वज्ञ विदुषीने २०१४ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की काही निर्णय माणसालाच बदलून टाकतात, म्हणून ते घेण्याआधी आपल्या आवडीनिवडींच्या आधारे त्यांचा हिशेब मांडता येत नाही. आई होणे हे तिचे उदाहरण. कॉलेज निवडणे हेही थोडे तसेच आहे. महानगरात गेलेली मुलगी तीन वर्षांनी महानगराच्या नजरेने मागे पाहील आणि आपण योग्य केले असे म्हणेल. तालुक्यात राहिलेली तीच मुलगी तिथल्या नजरेने तसेच म्हणेल. मग आज कोणाचे ऐकायचे? या पेचाला पूर्ण उत्तर नाही, पण नागसेनाची अट त्यातून एक वाट दाखवते. आपण उद्या कोण होऊ हे ठाऊक नसेल, तर जी जागा आपल्याला उद्या तिच्याशीच असहमत होऊ देईल ती निवडावी. बाकी सगळ्या कसोट्या आजच्या आवडीवर चालतात, ही मात्र आवड बदलली तरी लागू राहते. आणि ती आधी तपासताही येते. प्रवेश घेण्यापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना एवढेच विचारावे: इथे गेल्या वर्षी कोणी सरांचे म्हणणे खोडून काढले होते का, आणि पुढे त्याचे काय झाले? उत्तर देताना ती एकमेकांकडे पाहू लागली, तर ग्रंथालयात किती पुस्तके आहेत हे विचारायची गरज नाही.

इथे मात्र निवड विद्यार्थ्याच्या हातातून निसटू लागते, कारण विद्यार्थ्याची मोकळीक शिक्षकाच्या मोकळिकीवर उभी असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०४० पर्यंत उच्च शिक्षणाच्या सगळ्या संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि प्रत्येकीत तीन हजार किंवा अधिक विद्यार्थी असावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. लहान कॉलेजांचे दोष मोजमापाने दूर होतील असा यामागचा विश्वास दिसतो. तीन हजारांच्या संस्थेत विषय वाढतील, ते चांगलेच. पण महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधला राजवाद विद्यार्थीसंख्येतून येत नाही. तो येतो रिकाम्या ठेवलेल्या प्राध्यापकांच्या जागांमधून आणि त्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांच्या अवस्थेतून. ज्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुटीत तेही मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे संस्थाचालकाच्या मर्जीवर असते, तो शिक्षक संस्थाचालकाच्या पुतण्याला नापास करताना दहा वेळा विचार करतो. स्वतः पंडितवाद परवडत नसलेला माणूस वर्गात तो कसा चालवणार? नागसेनाला अट घालता आली, कारण राजा रागावला असता तरी भिक्षेचे पात्र घेऊन तो दुसऱ्या गावी जाऊ शकत होता. नेट-सेट किंवा पीएच.डी. करून तासिकेवर राबणाऱ्या, घरी दोन लेकरे असलेल्या माणसाला ती सोय नाही. म्हणून मुलाला तालुक्याच्या कॉलेजात घालू पाहणाऱ्या पालकाने विचारायचा पहिला प्रश्न वसतिगृहाबद्दल किंवा नॅकच्या श्रेणीबद्दल नको. तुमच्या विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिकेवर किती, हे त्याने प्राचार्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. हाच प्रश्न पुण्यातल्या कॉलेजातही विचारावा. दोन्हीकडचे आकडे समोर ठेवून मग एसटीच्या पासाचा हिशेब करायला हरकत नाही.